भोसरीचा ग्रॅब, चिलिकाचा गाळ: तळजीवांचे नमुने घेण्याच्या संचाचं परीक्षण

लगूनच्या तळातले जीव मोजायचे तर हाताशी पाच गोष्टी लागतात: तळाचा ठरावीक तुकडा उचलणारा ग्रॅब, गाळ धुवायला चाळणी, खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, प्राणवायूचा मीटर आणि नमुने टिकवायचं सामान. हे सगळं एका पेटीत भरून देणारा संच पुण्यातला एक प्रयोगशाळा-साहित्य विक्रेता विकतो. ग्रॅब भोसरी एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये बनतो, बाकीचं इकडून तिकडून जमवलेलं असतं. परीक्षण या संचाचं आहे, आणि त्याला जोडून घ्यावीच लागते त्या माती-तपासणीचंही. कसोटीला ठेवलंय ओडिशातलं चिलिका, कारण मऊ चिखल, रेती, शिंपले आणि पाणगवत हे सगळं एकाच पाण्यात तिथे भेटतं.

निकाल आधीच सांगतो. ग्रॅब घ्या. चाळण्या घेऊ नका. मीटर घ्या, पण पुण्यात कॅलिब्रेट करून तसाच नेऊ नका. आणि शेतमातीच्या प्रयोगशाळेला लेखी सूचना दिल्याशिवाय गाळाची पिशवी हातात देऊ नका. पुण्याला पोलाद कळतं, खारा चिखल कळत नाही. संचाचे बहुतेक गुणदोष इथूनच येतात.

शब्दाचा घोळ आधी मिटवू. भूगोलाच्या पुस्तकांत लगूनला खाजण म्हटलेलं सापडतं, पण कोकणात खाजण म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खारी जमीन. चिलिका म्हणजे पावसाळ्यात हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरणारं, वाळूच्या पट्ट्याने समुद्रापासून तोडलेलं उथळ पाणी. त्याला खाजण म्हटलं तर रत्नागिरीचा माणूस हसेल. म्हणून इथे सरळ लगून.

ग्रॅब व्हॅन वीन पद्धतीचा आहे. डच अभियंता योहान व्हॅन वीन याची ही १९३३ मधली रचना: अर्ध्या नळकांड्यासारखे दोन जबडे, त्यांना लांब दांडे, दांड्यांना साखळ्या. उघडा ग्रॅब तळाला टेकला की दोर सैल पडतो, अटकणी सुटते, आणि वर ओढताना दांड्यांच्या तरफेने जबडे मिटतात. स्प्रिंग नाही, त्यामुळे बोटं चेचायची भीती कमी आणि गंजून अडकणारा भागही कमी. कॉलेजांच्या कपाटांत बहुधा एकमन ग्रॅब असतो. तो स्प्रिंगवर मिटतो, तळ्याच्या लोण्यासारख्या चिखलात उत्तम चालतो आणि शिंपल्यांच्या रेतीत अर्धवट मिटून मोकळा वर येतो. पाषाण तलावात चालला म्हणून एकमन चिलिकाला न्यायचा विचार सोडून द्या.

संचातल्या ग्रॅबचं तोंड २० × २० सेंमी, म्हणजे ०.०४ चौ. मी. आहे. समुद्रातल्या कामाला ०.१ चौ. मी.चा मोठा ग्रॅब रूढ आहे, पण तो भरला की उचलायला विंच लागते आणि चिलिकाच्या लाकडी होड्यांवर विंच नसते. दोन माणसांनी हाताने ओढायचा तर ०.०४ हाच आकार शहाणपणाचा. एका ठिकाणी किमान तीन वेळा टाकायचा, जमलं तर पाच. एका वेळच्या ग्रॅबमध्ये मोजलेल्या जिवांना २५ ने गुणलं की दर चौरस मीटरची संख्या मिळते.

हा २५ मात्र कागदावरचा आहे. पत्रा वाकवताना आणि वेल्डिंगने ओढला जाताना तोंड थोडं आवळतं. ते प्रत्यक्षात १९ × १९.६ सेंमी भरलं तर क्षेत्र ०.०३७२ चौ. मी. होतं आणि गुणक २६.९. म्हणजे एकही किडा न चुकता मोजूनही संख्या ७ टक्क्यांनी कमी येते, आणि ती चूक प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक मोसमात तशीच राहते. ग्रॅब ताब्यात घेताना जबडे पूर्ण उघडून अटकणी लावा, तोंड दोन्ही बाजूंनी तीन-तीन ठिकाणी मोजा, सरासरीचं क्षेत्र काढा आणि तो आकडा कायम मार्करने दांड्यावरच लिहून ठेवा. वर्कशॉपवाल्याला हे विचित्र वाटतं. त्याच्या हिशेबी पाच-दहा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही.

पोलादाच्या बाबतीत वर्कशॉपने अर्धं काम चांगलं केलंय. जबडे आणि दांडे ३१६ स्टेनलेसचे आहेत. ३०४ या नेहमीच्या स्टेनलेसमध्ये मॉलिब्डेनम नसतं, ३१६ मध्ये २ ते ३ टक्के असतं. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडने ३०४ ला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात ते ३१६ बऱ्यापैकी टाळतं. लोहचुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही, त्यामुळे ‘मॅग्नेट लावून बघा साहेब’ या खात्रीला अर्थ नाही. भोसरी-चाकण पट्ट्यात पीएमआय, म्हणजे धातूत काय काय मिसळलंय ते सांगणारी तपासणी, करून देणारे आहेत. हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र टेकवलं की मॉलिब्डेनमचा आकडा समोर येतो. पण बिजागरीच्या पिना आणि नटबोल्ट जस्त चढवलेल्या साध्या लोखंडाचे आहेत, आणि हे अर्धं काम वाईट. स्टेनलेसला चिकटून खाऱ्या पाण्यात बुडाले की आधी जस्त जातं, मग लोखंड. पिन फुगते, बिजागरी घट्ट होते, जबडे शेवटचा सेंटिमीटर मिटत नाहीत. पिना ३१६ च्याच बसवून घ्या, शेवटाला कॉटर पिन. बोहरी आळीत मिळतात त्या चकचकीत पिना बहुतेक ३०४ च्या असतात, विचारून घ्या.

मिटलेल्या जबड्यांमधली फट ही दुसरी तपासणी. ०.५ मिमीची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) कुठेही आत सरकली तर ग्रॅब परत करा, कारण पुढे चाळणी ०.५ मिमीची आहे. चाळणी जे अडवणार, ते ग्रॅबनेच वाटेत सांडून दिलं तर मोजायचं काय? या ग्रॅबच्या कडा दळून जुळवलेल्या आहेत आणि गेज आत जात नाही. या एका गोष्टीसाठी वर्कशॉपला पैकीच्या पैकी गुण. आयात केलेल्या ग्रॅबची किंमत पाहिली तर हे काम आणखी कौतुकाचं वाटतं.

जबड्यांच्या वरच्या बाजूला झाकणं आहेत. ग्रॅब खाली जाताना त्याच्या पुढे पाण्याचा दाब तयार होतो आणि तळावरचा हलका थर, त्यातले उड्या मारणारे, कोळंबीच्या गोतातले इवले अ‍ॅम्फिपॉडसुद्धा, बाजूला उडतात. झाकणं उतरताना उघडी राहून पाणी आरपार जाऊ द्यायला हवीत आणि वर येताना बंद व्हायला हवीत. इथे झाकण पत्र्याचं, भरीव, आणि त्याला कडी लावलेली आहे. तेच काम बिघडवतं. कडी काढा, पत्र्यात खिडकी कापून ०.५ मिमीची स्टीलची जाळी लावा, तिच्यावर एका कडेने अडकवलेला रबराचा पापुद्रा. गाडीच्या ट्यूबचा तुकडा चालतो. शेवटचा मीटरभर ग्रॅब सोडून द्यायचा नाही, हाताने सावकाश उतरवायचा.

चिलिका बहुतेक ठिकाणी दोन मीटरच्या आतबाहेर खोल. वारा सुटला की होडी वरखाली होते, दोर क्षणभर सैल पडतो आणि अटकणी पाण्यातच सुटते. ग्रॅब रिकामा मिटतो. इलाज दोन. अटकणीची खाच कानसीने एक-दोन मिमी खोल करा, आणि दोर ताणलेला ठेवत उतरवा. संचात पिवळा पॉलिप्रॉपिलीनचा दोर दिलाय. तो पाण्यावर तरंगतो आणि मोटारीच्या पंख्याकडे धावतो. नायलॉनचा विणलेला १० मिमी दोर घ्या. तो बुडतो आणि ओल्या हातात कमी कापतो.

नमुना कधी नाकारायचा हे पुस्तिकेत एका ओळीत उरकलंय, म्हणून इथे जरा सविस्तर. या आकाराच्या अर्धगोल जबड्यात काठोकाठ भरला तर साधारण ३.१ लिटर गाळ बसतो. बादलीवर १, १.५, २ आणि ३ लिटरच्या खुणा करून ठेवा. मऊ चिखलात २ लिटरच्या खाली, घट्ट रेतीत दीड लिटरच्या खाली आलं तर टाकून द्या. ही मर्यादा आमची. तुमची वेगळी ठेवलीत तरी चालेल, पण सगळ्या ठिकाणी तीच ठेवा. झाकणाला गाळ टेकला असेल तरी टाकून द्या, कारण ग्रॅब जास्त रुतलाय आणि वरचा थर बाहेर सांडलाय. जबड्यात शिंपला किंवा मुळी अडकून बारीक गाळ गळत असेल तर तोही गेला. वर उभं राहिलेलं पाणी नितळ आणि गाळाचा पृष्ठभाग सपाट दिसला तर नमुना चांगला. नाकारलेल्या वेळांचीही नोंद ठेवा. एका ठिकाणी आठ वेळा टाकून तीन मिळाले, हे त्या तळाबद्दल बरंच काही सांगतं.

चिलिकाचे चार भाग चार वेगळ्या तऱ्हेने त्रास देतात. उत्तरेला दया, भार्गवी, नूना या महानदीच्या फाट्यांचं पाणी येतं; पावसाळ्यानंतर तिथे जवळजवळ गोडं पाणी, पातळ चिखल आणि नळ या उंच गवताची बेटं. ग्रॅबला लावलेली जादा वजनं तिथे काढा, नाहीतर तो गळ्यापर्यंत रुततो. आणि नळाच्या मुळ्या जबड्यात अडकतात, त्यामुळे बेटाच्या कडेपासून दूर टाका. मध्य भागातला चिखल या ग्रॅबला सर्वांत मानवतो. तिथेच नलबन आहे, नाव मराठी कानालाही लगेच कळतं. ते १९८७ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे काही टाकायचं नसतं. दक्षिणेला रंभाच्या बाजूला समुद्रगवत आणि मधूनच खडक. मुखाकडच्या बाह्य खाडीत धुतलेली रेती आणि ओढ. तिथे दोन्ही जबड्यांना अडीच-अडीच किलोची वजनं बोल्टने लावावी लागतात. भोसरीवाल्याने त्यासाठी भोकं आधीच पाडून ठेवलीत, मात्र वजनं वेगळी मागवावी लागतात. बाह्य खाडीत इरावडी डॉल्फिन फिरतात. ते दिसले की होडीची मोटार बंद आणि ग्रॅब होडीतच.

आता चाळण्या. संचात २०० मिमी व्यासाच्या पितळी दोन: एकीवर ‘३० मेश’, दुसरीवर ‘२४० मेश’. मोठ्या तळजीवांसाठी लागते ०.५ मिमी. ब्रिटिश मानकात ३० मेश म्हणजे ५०० मायक्रॉन. अमेरिकन एएसटीएम मानकात ३० क्रमांक म्हणजे ६०० मायक्रॉन, आणि ५०० साठी ३५ क्रमांक मागावा लागतो. पुण्यातल्या दुकानांत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी टांगलेले असतात. ‘३० ची द्या’ एवढंच म्हणालात तर कोणती मिळेल ते नशीब, आणि ६०० ची मिळाली तर बारीक पॉलिकीट (समुद्री वलयी किडे) आणि स्टेनोथायरासारख्या इवल्या गोगलगायी सरळ निसटतात. मेश बोलू नका, मायक्रॉन बोला, आणि चाळणीच्या पट्टीवर कोरलेला आकडा वाचून घ्या.

मापाइतकाच वाईट धातू. पितळ खाऱ्या पाण्यात हिरवं पडतं आणि तांब्याचे क्षार जिवंत जिवांना मारतात, त्यामुळे जीव शांत करून टिकवायचा क्रमच बिघडतो. जाळी आणि कड यांच्यामधल्या डाखाच्या खाचेत धाग्याएवढे किडे अडकतात ते वेगळंच. पुढच्या ठिकाणच्या नमुन्यात ते पाहुणे म्हणून हजर होतात. तीन लिटर गाळाला २०० मिमीची चाळणी लहानही पडते. त्याऐवजी ३१६ च्या जाळीची, ४० सेंमी व्यासाची, बादलीच्या आकाराची चाळणी बनवून घ्या. ज्याने ग्रॅब केला तोच ती करून देईल, फक्त जाळी आतून इपॉक्सीने गुळगुळीत करून मागा. दुसरी, २४० मेशची म्हणजे ६३ मायक्रॉनची चाळणी सूक्ष्म तळजीवांसाठी असते. त्यांना ग्रॅब नव्हे, नळीने काढलेला गाभा लागतो. या संचात ती शोभेपुरती.

धुताना पाण्याची धार वरून मारू नका; पॉलिकीटांचे तुकडे होतात आणि नंतर नुसती डोकी मोजत बसावं लागतं. चाळणी अर्धी पाण्यात बुडवून गोल हलवा, सुपात धान्य पाखडल्यासारखी पण खालून. त्याआधी गाळ बादलीत पाण्यात ढवळून वरचं पाणी चाळणीतून ओतून घ्या, म्हणजे अ‍ॅम्फिपॉड आणि त्यांच्यासारखेच टॅनेड शाबूत मिळतात. धुवायचं पाणीही आधी गाळून घ्यायचं, नाहीतर पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या तळजीव म्हणून मोजल्या जातात.

फॉर्मेलिनमध्ये टाकण्याआधी जीव शिथिल करायला मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. संचातल्या चिठ्ठीवर ‘लिटरला ७५ ग्रॅम’ लिहिलंय. ते बरोबर आहे, पण ३५ खारेपणाच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) समुद्राच्या पाण्यासाठी, आणि तेही नळाच्या पाण्यात विरघळवून. चिलिकात १५ खारेपणाच्या ठिकाणी तेच वापरलं तर जीव शिथिल व्हायच्या आधी आकसतात. प्रमाणात कमी करा: १५ साठी लिटरला साधारण ३२ ग्रॅम, पंधरा-वीस मिनिटं. मग फॉर्मेलिन: बाजारातलं ३७ ते ४० टक्क्यांचं एक भाग, गाळलेलं लगूनचं पाणी नऊ भाग. त्यात बोरॅक्स इतका, की तळाशी थोडा न विरघळता दिसत राहील. आम्लधर्मी फॉर्मेलिनमध्ये लहान शिंपले महिन्याभरात मऊ पडतात आणि ओळखीची खूणच जाते. लिटरला साधारण १ ग्रॅम रोझ बेंगॉल टाकलं की जीव गुलाबी होऊन काड्या-कचऱ्यातून उठून दिसतात. पण गुलाबी म्हणजे जिवंत होता असं नाही. नुकताच मेलेलाही रंगतो. डीएनए करायचं असेल तर फॉर्मेलिन अजिबात नको, ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल.

विक्रेता पाच लिटर फॉर्मेलिनचा कॅन सोबत देतो आणि वर त्याचे पैसे लावतो. घेऊ नका. पुण्याहून जाणाऱ्या कोणार्क एक्सप्रेसमध्ये किंवा विमानात ते नेता येत नाही. ज्वलनशील आणि घातक रसायनं प्रवासी सामानात चालत नाहीत. भुवनेश्वर किंवा ब्रह्मपूरला विकत घ्या. परतताना नमुने आठवडाभर फॉर्मेलिनमध्ये मुरल्यावर त्याच ०.५ मिमीच्या चाळणीवर धुवा, वापरलेलं फॉर्मेलिन कॅनमध्ये परत भरा, लगूनमध्ये ओतू नका. धुतलेला अवशेष ओल्या मलमलीत बांधून दुहेरी पिशवीत सीलबंद केला की प्रवासाचे दिवस निभावतात; पुण्यात पोचल्या पोचल्या ७० टक्के इथेनॉलमध्ये. लेबल पेन्सिलने, जाड कागदावर, पिशवीच्या आत. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये पसरते.

रिफ्रॅक्टोमीटर ठीकठाक. एका एककापर्यंत वाचतो, शुद्ध पाण्याने शून्य जुळवता येतो. उत्तर भागात खारेपणा ० ते २ असताना तो निरुपयोगी, तिथे विद्युतवाहकतेचा मीटर लागतो. खरी उणीव वेगळी आहे: तळाचं पाणी वर आणायला संचात काहीच नाही. मुखाजवळ वर गोडसर आणि खाली खारं असे थर असतात, आणि तळजीव खालच्या थरात राहतात. वरचं पाणी मोजून खालच्या जिवांचा अर्थ लावणं म्हणजे गच्चीवरचं ऊन मोजून तळघरातल्या माणसाला टोपी घालायला सांगणं. दोरीने बूच ओढायची वजनदार बाटली खारेपणापुरती चालते. ती भरताना बुडबुडे येतात, म्हणून प्राणवायूसाठी ते पाणी नको.

प्राणवायूच्या मीटरवर मात्र थांबायला हवं, कारण इथे चूक पुण्यातच घडते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि हवेचा दाब ७६० ऐवजी साधारण ७१० मिमी पारा. २५ अंशाला गोड्या पाण्यात समुद्रसपाटीवर लिटरला ८.२६ मिग्रॅ प्राणवायू मावतो, पुण्यात सुमारे ७.७. संचातल्या मीटरमध्ये दाबमापक नाही. दाब हाताने भरायचा असतो आणि कारखान्यातून तो ७६० वर येतो. पुण्यात ओल्या हवेत १०० टक्क्यांवर कॅलिब्रेट केला की मीटर ७.७ ला ८.२६ समजू लागतो. तसाच चिलिकाला नेला तर प्रत्येक वाचन सुमारे ७ टक्के जास्त. मीटर बंद ठेवून न्या, आणि काठावर उतरल्यावर कॅलिब्रेट करा.

त्यात खारेपणाची भर. २५ अंशाला ३५ खारेपणाच्या पाण्यात संपृक्तता ६.७ च्या आसपासच असते. मीटरमध्ये खारेपणा शून्यावर राहिला तर बाह्य खाडीत दीड मिग्रॅने फुगलेलं वाचन येतं, आणि प्राणवायू कमी पडलेला तळ कागदावर निरोगी ठरतो. प्रत्येक ठिकाणी आधी रिफ्रॅक्टोमीटर, मग तो आकडा मीटरमध्ये, मग प्राणवायू. हा क्रम उलटा करू नका. प्रोब पडदा असलेला आहे, स्वतः प्राणवायू खातो, म्हणून पाण्यात हळूहळू हलवत राहावा लागतो. चिखलात टेकला तर पडद्याची वाट लागते. केबल एक मीटरची आहे, किमान चार मीटरची मागा. वेळही लिहा. समुद्रगवताच्या पट्ट्यात दुपारी पाणी अतिसंपृक्त असतं आणि पहाटे तेच पाणी गुदमरलेलं. दुपारी दोनचं एकटं वाचन तिथल्या जिवांची रात्र लपवतं.

पडताळणीला दिवसातून एकदा विंकलर करा, म्हणजे प्राणवायू रसायनांनी मोजा. ३०० मिलिच्या बीओडी बाटलीत बुडबुडा न येऊ देता पाणी, २ मिलि मँगनस सल्फेट, २ मिलि अल्कली-आयोडाइड, तयार झालेला साका अर्ध्यावर बसला की २ मिलि गंधकाम्ल. नंतर २०० मिलि घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन. खर्च झालेला १ मिलि म्हणजे १ मिग्रॅ प्रति लिटर. मीटर आणि विंकलर यांच्यात अर्ध्या मिग्रॅपेक्षा जास्त फरक दिसला तर त्या दिवसाची वाचनं संशयित.

माती-तपासणीची सेवा हा संचाचा भाग नाही, पण विक्रेता तिचं कार्ड पेटीतच ठेवतो. पुण्यात अशा प्रयोगशाळा पुष्कळ आणि ऊस-द्राक्षाच्या जमिनीसाठी त्यांचं काम नीटनेटकं. लगूनचा गाळ त्यांच्या ठरलेल्या पद्धतीतून गेला की मात्र तीन ठिकाणी घसरतो.

पहिली घसरण सेंद्रिय कर्बात. वॉकली-ब्लॅक पद्धतीत डायक्रोमेट किती खर्च झालं त्यावरून कर्ब काढतात, आणि क्लोराइडही डायक्रोमेट खातं. हिशेब असा: गाळात कोरड्या वजनाच्या दीडपट पाणी, त्याचा खारेपणा २०, म्हणजे वाळल्यावर कोरड्या गाळात ३ टक्के मीठ आणि त्यात सुमारे १.६५ टक्के क्लोराइड. त्याचा बारावा भाग, म्हणजे ०.१४ टक्के, हा खोटा कर्ब. खरा कर्ब १ टक्का असेल तर चूक १४ टक्क्यांची, शिवाय खारेपणाबरोबर बदलणारी. मग खारेपणा आणि सेंद्रिय कर्ब यांचा सुंदर संबंध आलेखावर दिसतो आणि तो निव्वळ मिठाने तयार केलेला असतो! उपाय: नमुना शुद्ध पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर आम्लात सिल्व्हर सल्फेट घालायला सांगा, नाहीतर क्लोराइड मोजून बारावा भाग वजा करा. अंड्यासारखा कुजका वास येणाऱ्या काळ्या गाळातलं सल्फाइडही डायक्रोमेट खातं. तो पातळ थरात पसरून हवेत पूर्ण वाळू द्या. अहवालात आकडा सेंद्रिय कर्बाचा की सेंद्रिय द्रव्याचा, तेही विचारा. दोन्हींत १.७२४ चा गुणक आहे आणि रकान्याचं नाव दरवेळी खरं बोलत नाही.

दुसरी घसरण कणांच्या आकारात. मिठामुळे चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि हायड्रोमीटर त्यांना पोयटा किंवा रेती समजतो. मीठ धुऊन, सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने पांढरं पडेनासं झाल्यावर, सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालूनच चाचणी करायला हवी. तिसरी म्हणजे कुटणं. शेतमाती खलबत्त्यात कुटून २ मिमीच्या चाळणीतून काढतात; लगूनच्या गाळातले शिंपले त्यात चुरा होऊन रेतीत जमा होतात. शिंपले आधी वेचून त्यांचं वजन वेगळं द्या. पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहा: कुटू नये. शिवाय गाळाचा नमुना जिवांच्या ग्रॅबमधून काढू नका, त्यासाठी वेगळा ग्रॅब टाका. नाहीतर जितका गाळ चमच्याने काढला तितके जीव हिशेबातून गेले.

संचासोबत एक्सेलची तयार शीट येते, आणि ती सगळ्यांत धोकादायक वस्तू आहे. शॅननचा विविधता निर्देशांक (जाती किती आणि किती सारख्या प्रमाणात, याचा एक आकडा) काढायला तिच्यात नुसतं लॉग वापरलंय. एक्सेलमध्ये पाया न सांगता लॉग लिहिलं की तो १० चा धरला जातो. नैसर्गिक लॉगने ज्या ठिकाणाचा निर्देशांक २.३ येतो, त्याचा या शीटमध्ये १.० येतो आणि २ च्या पायाने ३.३. पुढे शीट १ च्या खाली भारी प्रदूषित, ३ च्या वर स्वच्छ असा रंग भरते. ही वर्गवारी विल्म आणि डॉरिस यांची, १९६८ मधली, २ च्या पायावर आणि गोड्या पाण्याच्या ओढ्यांसाठी. म्हणजे एकच गाळ पाया बदलताच हिरव्यावरून लाल होतो.

लॉग दुरुस्त केला तरी रंग पुसूनच टाका. अडोल्फ रेमाने याने १९३४ मध्ये दाखवलं की ५ ते ८ खारेपणाच्या आसपास जाती मुळातच सर्वांत कमी असतात. गोड्या पाण्यातले तिथवर टिकत नाहीत, समुद्रातले तिथवर येत नाहीत. उत्तर चिलिकात पावसाळ्यानंतर डासमाशीच्या अळ्या आणि गोड्या पाण्यातले गांडूळवर्गी कृमी, मुखाकडे समुद्री शिंपले, आणि मधल्या पट्ट्यात मोजक्याच काटक जाती, हे नैसर्गिक आहे. २३ सप्टेंबर २००० ला नवं मुख उघडल्यापासून खारेपणाचे हे पट्टे सरकलेत, त्यामुळे जुन्या अहवालातल्या त्याच नावाच्या ठिकाणाशी तुलना करताना आधी खारेपणा जुळतो का ते पाहा. सांडपाण्याची खूण मानली जाणारी कॅपिटेला ही पॉलिकीट जास्त सापडली म्हणून लगेच सांडपाणी म्हणू नका. कॅपिटेला कॅपिटाटा या नावाखाली दिसायला सारख्या अनेक जाती आहेत हे १९७६ पासून माहीत आहे. पॉलिकीट ओळखायच्या फोवेलच्या १९५३ च्या तक्त्यांवर थांबाल तर बरीच नावं जुनी निघतील. शंका आली तर आकुर्डीचं झेडएसआय (भारतीय प्राणी सर्वेक्षण) केंद्र आहेच. मात्र नमुना शाबूत, डोक्यासकट आणि लेबलासकट न्या.

मागणीपत्रावर एवढं लिहा: ग्रॅब ३१६, पिना आणि नटबोल्टही ३१६, तोंडाचं प्रत्यक्ष माप लेखी, फट ०.५ मिमीपेक्षा कमी, झाकणाला जाळी, जादा वजनांची जोडी, प्रोबची केबल ४ मीटर. चाळण्या, फॉर्मेलिन आणि दोर वगळून दर मागा. विक्रेता आधी कुरकुर करतो, मग देतो. आणि जादा पिना दोन नव्हे, चार.